हाडाजवळचा लाल

शनिवारची रात्र, उपनगरातलं भरलेलं हॉटेल, दाराबाहेर नाव लिहून ताटकळणारी दहा-बारा माणसं. पलीकडच्या टेबलावर फुल तंदुरी आली. एकानं तंगडी उचलून मांडीपासून मोडली, हाडाजवळ लालसर रंग दिसला आणि त्यानं हात वर केला. ‘हे कच्चं आहे.’ कॅप्टननं वाद घातला नाही, प्लेट उचलली आणि आत नेली. थोड्या वेळानं तीच कोंबडी परत आली. आता कडा काळ्या झाल्या होत्या, मांस हाडावरून आक्रसून वर सरकलं होतं, वर चाट मसाल्याचा जाड थर होता आणि लाल रंग कुठेच नव्हता. टेबल खूश झालं. प्लेट आत गेली तेव्हा त्या कोंबडीत रस होता, बाहेर आली तेव्हा नव्हता. तरी आतून बाहेरपर्यंत सगळ्यांना वाटत होतं की चूक दुरुस्त झाली. ही गोष्ट तेव्हापासून टोचत राहिली आहे.

कारण तो लाल रंग बहुतेक वेळा कच्चेपणाचा नसतोच. हॉटेलात येणारी ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांची असते. एवढ्या कोवळ्या पक्ष्याची हाडं पुरती टणक झालेली नसतात, सच्छिद्र असतात. पक्षी गोठवला किंवा एकदम कडक आचेवर गेला की हाडाच्या आतल्या मगजाचा रंग बाहेर झिरपतो आणि मांडी-तंगडीच्या सांध्यापाशी लाल, कधी जांभळट डाग धरतो. दुसरं कारण कोळसा. जळत्या कोळशातून निघणारे वायू मांसातल्या रंगद्रव्याला चिकटतात आणि पूर्ण शिजलेल्या मांसाच्या बाहेरच्या बाजूला गुलाबी कड ठेवून जातात. कोंबडी शिजली की नाही ते तापमान ठरवतं. सगळ्यात जाड जागी ७४ अंश सेल्सियस गाठलं की ती खायला सुरक्षित, मग रंग काहीही असो. टेबलावर थर्मामीटर घेऊन कोणी बसत नाही, पण नजर आणि बोटं बरंच सांगतात. कच्चं मांस काचेसारखं अर्धपारदर्शक दिसतं, दाबलं तर रबरासारखं परततं, त्याचे धागे सुटत नाहीत. शिजलेलं अपारदर्शक असतं, धाग्याधाग्यानं सुटतं, सांधा हलक्या पिळ्यानं निघतो आणि मांडीच्या जाड भागातून येणारा रस स्वच्छ असतो. मांस असं सुटत असेल आणि हाडाला लागून तेवढा लाल असेल, तर निवांत खावं. धागे सुटत नसतील तर मात्र प्लेट परत पाठवायलाच हवी, तिथे भीड नको.

आता परत गेलेल्या प्लेटचं आत काय होतं ते पाहा. तोडलेले तुकडे पुन्हा सळईवर चढत नाहीत. ते तव्यावर जातात, नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये. मगजाचा लाल तिथे तपकिरी होतो, गिऱ्हाईक समाधानी होतं आणि मांसातलं उरलंसुरलं पाणी निघून जातं. बरं, ज्याला हात लावायला खरंच घाबरावं ते या प्लेटमध्ये नव्हतंच. ते स्वयंपाकघरातल्या ट्रेमध्ये होतं.

संध्याकाळी सहाला भाजायला घेतलेल्या कोंबड्यांच्या ट्रेमध्ये.

त्यासाठी तंदुरी मुळात कशी होते ते सांगायला हवं. पक्षी लहान हवा, साफ केल्यावर आठशे-नऊशे ग्रॅमचा. सव्वा-दीड किलोचा घेतला तर बाहेरून जळतो तोवर मांडी शिजत नाही. चामडी काढायची, छातीवर दोन, मांडीवर दोन, तंगडीवर दोन अशा हाडापर्यंत चिरा द्यायच्या. मसाला दोनदा लागतो. पहिल्यांदा दीड चमचा मीठ, दोन मोठे चमचे लिंबाचा रस, तेवढंच आलं-लसूण, थोडी काश्मिरी मिरची, आणि अर्धा तास विश्रांती. या अर्ध्या तासात मीठ चिरांतून आत शिरतं आणि मांस थोडं पाणी सोडतं. ते पाणी निथळून टाकायचं. लिंबात तासन्‌तास बुडवून ठेवलं तर बाहेरचा थर आम्लानंच शिजल्यासारखा पांढरा आणि भुसभुशीत होतो, म्हणून लिंबू पहिल्या फेरीतच संपवायचं. दुसऱ्या फेरीत दोनशे ग्रॅम चक्का, म्हणजे श्रीखंडाला टांगतो तसंच बांधलेलं दही. त्यात धूर येईपर्यंत तापवून कोमट केलेलं दोन मोठे चमचे मोहरीचं तेल, त्या तेलात कालवलेली दीड मोठा चमचा काश्मिरी मिरची, गरम मसाला, चुरलेली कसुरी मेथी. हे सगळं लावून चार ते सहा तास फ्रिजमध्ये. बहुतेक तंदुरी बिघडते ती पातळ दह्यानं. दह्यातलं पाणी आधी वाफ होऊन निघावं लागतं, तोवर मसाला करपण्याऐवजी उकडतो आणि अर्धा खाली कोळशावर टपकतो. मग रंग चढत नाही, आणि न चढलेला रंग डबीतून आणावा लागतो.

तंदूर पेटवल्यावर त्याच्या मातीच्या भिंती आतपर्यंत तापायला दीड-दोन तास लागतात. ज्वाळा दिसत असताना मांस घातलं तर काजळी धरते. कोळशावर पांढरी राख चढली, धूर थांबला, की तो तयार. भिंती चारशे अंशांच्या आसपास असतात आणि मांस चहूबाजूंनी एकदम भाजायला लागतं. आठ-दहा मिनिटांनी सळया बाहेर काढायच्या आणि चार-पाच मिनिटं टांगून ठेवायच्या. नवख्याला हा वेळ वाया गेला असं वाटतं, पण सगळी कला त्यातच आहे. बाहेरची उष्णता या वेळात हाडाकडे सरकते, जादा ओल निथळते. मग लोणी-तेलाचा हात फिरवून पुन्हा तीन-चार मिनिटं आत. हा दुसरा फेरा फक्त कडा करपवण्यासाठी. बाहेर आली की आणखी दोन-तीन मिनिटं तशीच ठेवून मग तोडायची. ऑर्डर घेतल्यापासून टेबलावर येईपर्यंत प्रामाणिक हिशेब वीस ते पंचवीस मिनिटांचा होतो.

आणि इथेच गाडं अडतं. शनिवारी दाराबाहेर रांग आहे, प्रत्येक टेबल तासाभरात रिकामं व्हायला हवं, आणि बसल्याबसल्या पहिलं वाक्य असतं, ‘स्टार्टरमध्ये लवकर काय मिळेल?’ म्हणून संध्याकाळीच कोंबड्या पाऊण भाजून ट्रेमध्ये लावून ठेवतात. ऑर्डर आली की चार मिनिटं आत, बाहेर, लोणी, चाट मसाला, आठव्या मिनिटाला टेबलावर. पहिल्या भाजण्यात बाहेर आलेला रस ट्रेमध्ये राहिला, दुसऱ्या भाजण्यात उरलेला गेला. हे चवीचं झालं. आरोग्याचं त्याहून वाईट आहे. अर्धवट भाजलेली कोंबडी पाच ते साठ अंशांच्या मधल्या तापमानात तासन्‌तास उघडी राहिली तर जंतूंना याहून सोयीची जागा नाही. जागरूक हॉटेलं ती लगेच थंड करून फ्रिजमध्ये ठेवतात, बाकीची भट्टीशेजारच्या फळीवर. म्हणजे गिऱ्हाईक ज्या रंगाला घाबरतं तो निरुपद्रवी, आणि ज्या वेगावर खूश होतं तो धोक्याचा.

फुल तंदुरी दहा मिनिटांच्या आत आली तर ती कधीची आहे हे विचारायची गरज नाही. तंगडीच्या खालच्या टोकाचं मांस बोटभर वर सरकलेलं असेल, मसाल्याचा थर चामड्यासारखा सोलून निघत असेल, बाहेरून चटका बसतो पण सांध्यापाशी कोमट लागत असेल, तर ती दोनदा भाजलेली. सव्वासात-साडेसातला गेलात तर ताज्या घाण्यातली मिळण्याची शक्यता जास्त, कारण तेव्हा ट्रेमधल्या कोंबड्यांना फार वेळ झालेला नसतो. नऊ वाजता कॅप्टनला सरळ सांगावं, ‘नवीन लावा, आम्ही थांबतो.’ हे वाक्य ऐकल्यावर त्याचा चेहरा किंचित बदलतो. थांबणारं गिऱ्हाईक त्याला रोज भेटत नाही. बोनलेस टिक्का मागताना मांडीचा मागावा. छातीचा मागितला तर दोन मिनिटांचा उशीरही लाकडासारखा लागतो, कारण त्यात ना चरबी ना हाड. आणि सगळं एकदम सांगू नये. कबाब, टिक्का, फुल तंदुरी, रोट्या अशी लांबलचक ऑर्डर एका दमात गेली की तंदूरवरचा वस्ताद डझनभर थंडगार सळया एकदम आत सोडतो, भट्टीचं तापमान पडतं आणि मांस भाजण्याऐवजी स्वतःच्याच वाफेत शिजतं. त्याचवेळी रोट्या थापायला हात आत जायला हवा, तो सळयांमुळे जात नाही. मोठ्या हॉटेलांत रोटीचा तंदूर वेगळा असतो, छोट्यांत एकावरच सगळं चालतं. एक पदार्थ, तो संपत आला की पुढचा, आणि रोटी शेवटी. वेटर त्रासतो खरा. टिप थोडी जास्त ठेवावी.

लाल रंगाचं आणखी एक प्रकरण आहे, ते मात्र खरंच संशयाचं. काश्मिरी मिरचीचा रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. कृत्रिम लाल रंग पाण्यात विरघळतात. म्हणून प्लेटमधल्या कांद्याकडे बघावं. कांद्याच्या चकत्या लाल-नारिंगी होत असतील, बोटं धुतल्यावर बेसिनमध्ये लाल पाणी जात असेल, तर तो डबीतला रंग. मिरचीचा रंग टिश्यूवर तेलाच्या डागाबरोबर उतरतो आणि विटकरी असतो. जून २०२४ मध्ये कर्नाटक सरकारनं कबाबांत कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली, तेव्हा तपासलेल्या नमुन्यांत सनसेट यलो आणि कार्मोइसिन सापडले होते. आपल्याकडेही गिऱ्हाइकानं फिकट तंदुरी परत पाठवायचं थांबवलं तर निम्मा रंग आपोआप थांबेल. ताजी, चक्क्यातली तंदुरी गडद विटकरी असते, मध्ये मध्ये काळी. लालभडक नसते.

मराठी घराला हे भाजणं तसं परकंच आहे. आपलं मटण पातेल्यातलं. कोल्हापूरचा तांबडा-पांढरा घ्या, नागपूरचं सावजी घ्या, कोकणातलं वाटपाचं मटण घ्या, सगळीकडे रस्सा आहे. बोकडाचं मांस चिवट आणि कमी चरबीचं. त्यातल्या कूर्चा-स्नायुबंधांना मऊ व्हायला पाण्यात मंद आचेवर वेळ लागतो, उघड्या आगीवर ते दोरी होतात. निखाऱ्यावर आपण भाजलं ते सुका बोंबील, वांगं, कांदा, फार तर पापलेट. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतलं रोस्टसुद्धा बहुधा पातेल्यातच होतं. त्यामुळे फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या कुंदनलाल गुजराल यांच्या दर्यागंजातल्या मोती महलनं लोकप्रिय केलेली तंदुरी कोंबडी इथे आली ती हॉटेलातला पदार्थ म्हणूनच. घरी होत नाही म्हणून बाहेर जाऊन खायची. आईच्या हाताची तंदुरी अशी काही आठवण नसल्यानं ती बरी झाली की वाईट हे ताडायला आपल्याजवळ मापच नव्हतं. हॉटेलानं जे दिलं ते आपण तंदुरी म्हणून मान्य केलं. रश्शात जरा मीठ कमी पडलं तर भुवया उंचावणारी माणसं कोरडी ठक्क कोंबडी हिरव्या चटणीत बुडवून मुकाट खातात, ते यामुळेच असावं.

रान हा या सगळ्यातला प्रामाणिक पदार्थ. बकऱ्याची सव्वा-दीड किलोची अख्खी मांडी थेट तंदूरमध्ये घालून ती कधीच शिजणार नाही, हे तो उघड कबूल करतो. आधी व्हिनेगर, आलं-लसूण, मोठी वेलची यांत ती झाकण लावून दोन-अडीच तास मंद शिजते, हाड हलायला लागतं, मग शेवटची दहा-पंधरा मिनिटं भट्टीत. म्हणजे निम्मा रस्साच. म्हणूनच चांगली हॉटेलं रानाची ऑर्डर आदल्या दिवशी मागतात, आणि जिथे ते बसल्याजागी वीस मिनिटांत मिळतं तिथे ते फ्रीझरमधून आलेलं असतं. मटणाच्या बोटीसाठी, म्हणजे सळईवर भाजायच्या मांसाच्या तुकड्यांसाठी, कच्च्या पपईचा आधार घेतात. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा वाटण, दोन-तीन तास, बस. पपईतला पाचक रस साठ-सत्तर अंशांवर सर्वांत जोरात काम करतो, म्हणजे बोटी शिजत असतानाही तो मांस कापतच असतो. रात्रभर ठेवलेली पपईची बोटी दातांना पिठासारखी लागते, मऊ आहे म्हणून कौतुक होतं, पण तिला चावायला काही उरलेलं नसतं.

शीग कबाबाचं गणित वेगळं. खिम्यात पाचवा हिस्सा तरी चरबी हवी, त्याहून कमी असेल तर कबाब कोरडा आणि करकरीत. खिमा दोनदा काढायचा, कांदा बारीक चिरून घट्ट पिळायचा, आणि मिश्रण थंड असतानाच तळहाताच्या मुळानं इतकं मळायचं की ते परातीला चिकटून तार सुटायला लागेल. सळईवरून कबाब गळून पडतो तो कांद्याच्या पाण्यानं किंवा गरम झालेल्या खिम्यानं. भाजलेलं बेसन घालून तो तात्पुरता सावरतो, पण किलोला पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त पडलं की भज्याची चव येते. हा कबाब बंद भट्टीपेक्षा उघड्या शेगडीवर जास्त खुलतो. पंख्यानं वारा घालत, सळई सतत फिरवत. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो, धूर होऊन वर येतो आणि पुन्हा कबाबालाच लागतो. कोळशाची चव म्हणतो ती मुख्यतः या थेंबांची. नीट जळालेल्या कोळशाला स्वतःची अशी चव फारशी नसते.

नागपाड्याचं सर्वी, कुलाब्यात ताजच्या मागच्या गल्लीतला बडेमियाँ, रमझानच्या रात्री मिनारा मशिदीभोवतालची दुकानं. इथली चव चढी असण्याचं मोठं कारण मसाल्यात शोधू नये. या शेगड्यांवर मोजकेच प्रकार असतात आणि गर्दी इतकी की काही आधी भाजून ठेवायला उसंतच नसते. सळई उतरते ती थेट पानात. तेच शंभर पदार्थांचं लॅमिनेटेड मेनूकार्ड, चायनीज, मुघलाई आणि पिझ्झा एकाच पानावर, असं दिसलं की समजावं, आत मोठा फ्रीझर आहे आणि मायक्रोवेव्ह दमलेला आहे. सिझलरबद्दल फार बोलत नाही. तापलेल्या लोखंडी तव्यावर दारातच लोणी-पाणी ओतलं की धूर होतो, आवाज होतो, शेजारची टेबलं वळून बघतात. मांस त्याआधीच पॅनवर झालेलं असतं. करमणूक म्हणून ठीक.

पार्सलबद्दल मात्र बोलायला हवं, कारण आता निम्मी तंदुरी घरी येऊनच खाल्ली जाते. फॉइलच्या बंद डब्यात गरम मांस ठेवलं की त्याचीच वाफ झाकणाला लागून खाली टपकते. अर्ध्या तासात करपलेल्या कडा ओल्या आणि खालचा कांदा शिजलेला. हॉटेलला सांगता आलं तर डब्याला भोक ठेवायला सांगावं, कांदा-चटणी वेगळी. घरी आल्यावर मायक्रोवेव्ह नको. जाड तवा कडक तापवून, तेलाचा थेंबही न घालता, दोन्ही बाजूंनी मिनिटभर. रस परत येत नाही, पण कड येते.

या सगळ्याच्या मुळाशी टेबल किती वेळात रिकामं होतं हा प्रश्न आहे, आणि त्या प्रश्नाला पूर्वी एक वेगळं उत्तर होतं. इराणी. धोबी तलावचं १९०४ चं कयानी, ग्रँट रोडचं १९१४ चं मेरवान, पुण्यात डेक्कनला १९३५ चं गुडलक. कोपऱ्यावरची जागा, दोन बाजूंनी उजेड, संगमरवरी टेबलं, एक पानीकम, म्हणजे कमी पाण्याचा कडक चहा, आणि एक ब्रून मस्का, म्हणजे जाड कवचाच्या पावाला लोणी, आणि त्यावर तास-दीड तास बसलं तरी गल्ल्यावरून फार तर एक कटाक्ष. हे मालकाच्या दिलदारपणानं चालत नव्हतं, निदान फक्त त्यानं नाही. पागडीच्या जुन्या भाड्यात ते बसत होतं. चहाचा डिकॉक्शन सकाळपासून एका बाजूला उकळत, दूध दुसरीकडे आटत, मागितला की अर्ध्या मिनिटात कप भरतो. पाव बेकरीतून दिवसातून ठरलेल्या वेळी येतो. गिऱ्हाइकाला वेळ देणं परवडतं, कारण पदार्थाला द्यायचा वेळ आधीच, दुसरीकडे, भट्टीत दिलेला आहे. तंदुरीचं बरोबर उलटं. तिचा वेळ गिऱ्हाईक आल्यावर सुरू होतो, आणि भाडं त्याच मिनिटापासून चढतं.

आता बसण्याची जागा म्हणजे कॅफे. तिथे कॉफीच्या किमतीत खुर्चीचं भाडं उघडपणे धरलेलं असतं. त्याबद्दल तक्रार नाही, उलट हा व्यवहार स्पष्ट आहे. पुण्यात वैशाली हॉटेलासमोर रविवारी सकाळी नाव लिहून उभं राहायचं, आत गेल्यावर मात्र मागच्या रांगेच्या नजरा पाठीवर झेलत डोसा संपवायचा, त्यापेक्षा तर नक्कीच. पण तिथल्या बरिस्तानं आणून दिलेलं ग्रिल्ड चिकन सँडविच सकाळी मध्यवर्ती स्वयंपाकघरातून आलेलं असतं. बसायला तासभर आहे, आणि त्या तासात समोर काहीच भाजलं जात नाही. मिळालेला वेळ आणि लागणारा वेळ एका छताखाली यावेत असं हॉटेल शहरात शोधायला गेलं तर ते बहुधा जुन्या मालकीच्या जागेत, हमरस्त्यापासून जरा आत, मद्याचा परवाना असलेलं निघतं. परमिट रूमबद्दल लोक नाकं मुरडतात, पण माणसं तिथे निवांत असतात, वस्तादावर घाई नसते, आणि तंगडी वीस मिनिटांनी आली तर कोणी घड्याळ बघत नाही. शहरातल्या कित्येक उत्तम सळया अशा मंद उजेडातच उतरतात.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तशा व्यवसायांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. पाठोपाठ महापालिकेनं कोळशाचे तंदूर वापरणाऱ्या हॉटेलांना नोटिसा धाडल्या. चव गेली अशी हाकाटी तेव्हा लगेच सुरू झाली. ती अर्धीच खरी आहे. बेकऱ्यांत जळणारं लाकूड पुष्कळदा जुन्या इमारतींचं आणि फर्निचरचं भंगार असतं, रंग-पॉलिशसकट, आणि तो धूर आधी भट्टीपुढे उभ्या कारागिराच्या छातीत जातो, मग वस्तीच्या. भट्टीवर जो उभा राहत नाही त्यानं धुराच्या चवीवर हळवं होऊ नये. तंदूरपुरतं बोलायचं तर गॅसवरच्या तंदूरमध्येही खाली तापलेली जाड पत्रं किंवा दगड असतात, त्यांवर चरबी टपकते, धूर होतो. थेंबांची चव राहते. बदलतं ते दुसरंच. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, कोळशाची आच कोरडी असते. म्हणून गॅसवर कड धरायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात आतलं मांस पुढे जातं. जाणता वस्ताद चक्का आणखी घट्ट बांधतो, पक्षी आणखी लहान घेतो, टांगून ठेवायचा वेळ वाढवतो. ज्याला हे ठाऊक नाही तो आच वाढवतो आणि बाहेर काळं, आत कच्चं काढतो. विजेच्या तंदूरमध्ये ज्वलनच नाही, त्यामुळे ती गुलाबी कडही नाही.

ब्रूनचं अवघड आहे. लाकडाच्या भट्टीत विटांचं प्रचंड वजन रात्रभर तापतं आणि मग हळूहळू उतरत जातं. पहिल्या कडक आचेवर पाव आणि ब्रून, आच उतरली की खारी-बिस्किटं, शेवटच्या ऊबेवर केक. ब्रूनचं जाड कवच त्या पहिल्या धगीचं असतं. गॅसच्या फिरत्या ओव्हनमध्ये आकार तोच येतो, रंगही, पण कवच पातळ राहतं आणि दुपारपर्यंत चामट होतं. ज्या बेकऱ्या जुनी विटांची भट्टी तशीच ठेवून फक्त इंधन बदलतील त्यांचा ब्रून तगेल, कारण उष्णता धरायचं काम विटा करतात, लाकूड नाही. ज्या जागा वाचवायला भट्टीच पाडतील त्यांचा नाही. फरक ओळखायला सुरी पुरते. ब्रून आडवा कापताना कवचाचे तुकडे टेबलभर उडाले पाहिजेत, आणि मस्का लावून चहात बुडवल्यावर त्यानं तीन-चार सेकंद तरी तग धरला पाहिजे.